रबर शाबूत होतं

"मालन, फोर्क आहे का तुझ्याकडं?"

मी एका जीपखाली उताणी पडले होते. आवाज ओळखीचा होता, पण त्या आवाजाला तो प्रश्न शोभत नव्हता. सरकत बाहेर आले, तर दारात आरबोळे सर उभे. इस्त्रीचा पांढरा हाफशर्ट, पायात चपला, हातात नुसती कापडी पिशवी.

"कसला फोर्क, सर?"

"बॉल जॉइंट फोडायचा."

मी हात पुसत त्यांच्याकडं बघत राहिले.

बॉल जॉइंट म्हणजे गाडीच्या पुढच्या चाकाचा खुबा. माणसाच्या खुब्यात असते तशीच एक वाटी, तिच्यात फिरणारी गोळी, आणि धूळपाणी आत जाऊ नये म्हणून वर रबराची टोपी. चाक वळतं, खालीवर होतं, ते त्याच्या जिवावर. तो निखळला की चाक आत मुडपतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. हा सांधा सोडवायला दोन हत्यारं असतात. फोर्क म्हणजे दोन दातांची लोखंडी पाचर. ती मध्ये घालायची आणि मागून घण मारायचा. सांधा सुटतो, पण रबर हमखास फाटतं आणि गोळीलाही मार बसतो. दुसरा पुलर. तो स्क्रूनं हळूहळू आवळत न्यायचा. एका क्षणी 'टक्' असा आवाज होतो आणि सांधा मोकळा. रबरावर ओरखडासुद्धा उठत नाही.

हे मला शिकवलं आरबोळे सरांनीच. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या वर्गात मी एकटी मुलगी. सर म्हणायचे, "फेकायची असेल ती वस्तू फोर्कनं काढा. परत बसवायची असेल, नाहीतर तिला काय झालंय ते बघायचं असेल, तर पुलर." एकदा एका पोरानं चांगल्या जॉइंटला फोर्क लावला, तर सरांनी ते फाटकं रबर सुतळीत ओवून वर्कशॉपच्या दारावर टांगलं होतं. आमची बॅच बाहेर पडेपर्यंत ते तिथंच लोंबत होतं.

"कुठली गाडी आहे, सर?" मी विचारलं.

"घरचीच."

माझ्या हातातला बोळा हातातच राहिला. सरांच्या घरची गाडी एकच होती.

ती गाडी घेऊन त्यांचा मुलगा महांतेश आंबोलीच्या घाटात गेला होता. कठडा तोडून गाडी खाली झाडीत पडली. महांतेश जागीच गेला. एकुलता एक, सव्वीस वर्षांचा. गाडीचं पुढचं डावं चाक आत मुडपलेलं सापडलं. आणि त्या चाकाचा बॉल जॉइंट दोनच दिवस आधी, आपल्या घराच्या अंगणात, सरांनी स्वतः बदलला होता.

त्यानंतर आजऱ्यात ती गोष्ट कुणी कुणाला वेगळी सांगायची गरज उरली नाही. बापानं बसवलेला जॉइंट निखळला आणि पोरगा गेला. सरांनी राजीनामा दिला. हत्यारांची पेटी संस्थेला देऊन टाकली. पोलिसांनी सोडलेली गाडी मात्र घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवली आणि ताडपत्रीनं झाकली. या सगळ्याला सहा वर्षं झाली होती.

"रस्ता रुंद होतोय," सर म्हणाले. "शेड जाणार. उद्या भंगारवाला गाडी न्यायला येतोय. तुझ्या काकूनं सांगून ठेवलंय, गाडी जायच्या आधी तो तुकडा मला दाखवा. ज्यानं माझं लेकरू नेलं, तो मला डोळ्यांनी बघायचाय." त्यांनी उजवा हात पुढं केला. बोटं थरथरत होती. "माझा हात आता चालत नाही. तू चल."

मी पिशवीत फोर्क टाकला, घण टाकला, पाने, रॉकेलची बाटली, तारेचा ब्रश. सवयीनं पुलरही टाकला.

"तो कशाला?" सर म्हणाले.

"असू दे, सर."



सरांचं घर गावाबाहेर, काजूच्या झाडांत. गौराकाकू ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं. सर शेजारीच उभे होते, तरी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "त्यांना विचार, चहा आत्ता घेणार की काम झाल्यावर?"

मी सरांकडं बघितलं. सर मलाच म्हणाले, "काम झाल्यावर."

"काम झाल्यावर म्हणतात," मी काकूंना सांगितलं. दोघांमध्ये तीन हातांचंही अंतर नव्हतं. त्या घरात गेली सहा वर्षं असंच चाललेलं असणार. मी नसेन तेव्हा कुणाच्या तोंडानं बोलत असतील, कुणास ठाऊक.

शेडमध्ये ताडपत्री ओढली तसा कुबट वास आला. पुढच्या सीटवर वाळवीनं घर केलं होतं. स्टिअरिंगला कोळ्याचं जाळं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार तेव्हा महांतेशला बाहेर काढताना कापलं होतं, ते तसंच लोंबत होतं. मी आत बघायचं टाळलं. सर मात्र थेट पुढच्या डाव्या चाकापाशी जाऊन उभे राहिले.

जॅक लावून गाडी उचलली, खाली लाकडी ठोकळे दिले. चाक काढायलाच कितीतरी वेळ गेला, सगळे नट गंजून बसलेले. चाक निघाल्यावर दिसला नुसता मातीचा गोळा. घाटातली लाल माती, वाळलेली पानं, सगळं दगड झालेलं. मी त्यावर रॉकेल ओतलं आणि ब्रशनं घासायला लागले.

"एवढं साफ कशाला करतेस?" सर म्हणाले. "फोर्क घाल आणि मार."

"फोर्क कुठं घालायचा ते तरी दिसू दे, सर."

मातीचा एक थर निघाला, मग दुसरा. पहिल्यांदा नट दिसला. नटात पिन होती. पिनेचं एक टोक वर दुमडलेलं, एक खाली, सर आम्हाला शिकवायचे तसंच. मग रबर दिसलं. मी बोटानं पुसलं. काळंभोर, गोल, कुठं चीर नाही. कडेला आतलं ग्रीससुद्धा ओलं असावं, दाबलं तर मऊ लागलं.

मला वाटलं, माझं काही चुकतंय. मी टॉर्च लावला, चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, आर्म, हातात धरून हलवला. गोळी वाटीत घट्ट फिरली. नव्या जॉइंटला असतो तसा ताठरपणा होता तिच्यात. मग मी आर्मचं दुसरं टोक बघितलं, चासीकडचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडचं. ते मुळासकट उपटून आलं होतं, पत्रा फाडून. खाली खडकावर आदळताना जो दणका बसला, त्यानं. चाक मुडपलं होतं ते त्यामुळं.

जॉइंट निखळला नव्हता. गाडी रस्त्यावर होती तोवर तिचं काहीही बिघडलेलं नव्हतं.

मी गाडीखालून बाहेर आले. इतका आनंद झाला होता मला की काय बोलावं सुचेना. सहा वर्षं या माणसानं मान वर केली नव्हती!

"सर! सर, हा शाबूत आहे! तुमचा जॉइंट तुटलेलाच नाही. रबर बघा, पिन बघा! तुमच्या हातून काही झालं नव्हतं, सर!" मी पिशवीतून पुलर काढला. "थांबा, पुलरनं काढते. जसाच्या तसा काकूंना दाखवू. त्यांच्या हातात देऊ."

सरांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ते शेडच्या दाराकडं गेले, बाहेर ओसरीकडं बघितलं, आणि परत आले. मग वाकून त्यांनी फोर्क उचलला. माझ्यापुढं धरला.

"हा लाव."

"अहो सर, रबर फाटेल."

"फाटू दे."

"गोळीला मार बसेल. मग कुणाला कळणारसुद्धा नाही की..."

मी तिथंच थांबले. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं आणि ते सरांना माहीत होतं. फोर्क मागायला ते आले होते तेव्हाच माहीत होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले.

सर खाली एका उरलेल्या ठोकळ्यावर बसले. आवाज अगदी हळू केला. "पोलिसांच्या आवारात गाडी आणली ना, तेव्हाच. मी हात आत घालून बघितलं. बोटाला रबर लागलं, पिन लागली. तेवढ्यात हवालदार म्हणाला, सर, तुम्ही जाणकार, तुम्हीच सांगा काय झालं असेल. मागं ही उभी होती."

"आणि तुम्ही..."

"मी म्हणालो, बॉल जॉइंट निखळला. परवा मीच बसवला होता."

बाहेर काकूंच्या सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज येत होता.

"मालन, मी ती जागा बघून आलो होतो. ते वळण सोपं आहे. ऊन पडलं होतं. रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती. एकसुद्धा नाही." सर जमिनीकडं बघत बोलत होते. "पुण्याची नोकरी सोडून आल्यापासून तो खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायचा. विचारलं तर म्हणायचा, काही नाही, अप्पा. आणि त्या आठवड्यात एकदम बरा झाला. आईशी हसला. माझ्यासोबत हा जॉइंट बसवायला अंगणात बसला, पाने देत होता मला. मला वाटलं, गाडी रुळावर आली." ते थांबले. "गाडी चांगली होती, तर मग काय झालं, ते तूच सांग."



"ते तिला कळलं असतं तर? आपल्या हातची भाकरी खाऊन गेलेला पोरगा, म्हणजे... नाही. माझ्यावर चिडते ते बरं आहे. मी समोर आहे. चिडायला माणूस समोर लागतो." त्यांनी फोर्क माझ्या हातात ठेवला. "घण मीच मारला असता, मालन. हात चालत नाही म्हणून तुला बोलावलं."

पुलर माझ्या दुसऱ्या हातात होता. तो मी पिशवीत ठेवला.

पिन काढली, नट सैल केला. रबर आणि लोखंड यांच्या मध्ये फोर्कचे दोन दात बसवले आणि घण उचलला. पहिल्या दणक्याला रबर फाटलं. आतून ग्रीस बाहेर आलं, स्वच्छ, मधाच्या रंगाचं, सहा वर्षांपूर्वी सरांनी भरलेलं. सरांनी तोंड फिरवलं. तीन-चार घावांत सांधा सुटला. मग बोल्ट काढून जॉइंट हातात घेतला, एका दगडावर आडवा धरला, आणि वाटीच्या कडेवर छन्नी ठेवून मारत राहिले, गोळी वाटीतून निखळून बाहेर येईपर्यंत. आतलं लोखंड चकाकत होतं. मी त्यावर लाल माती चोळली, रॉकेल चोळलं, परत माती चोळली. चांगली वस्तू मोडायला किती कष्ट पडतात, हे मला त्या दिवशी कळलं.

काकूंना हाक मारली नाही. घणाचे आवाज थांबले तशा त्या आपण होऊन आल्या. शेडच्या दारात उभ्या राहिल्या. गाडीकडं त्यांनी बघितलंच नाही.

"कुठाय?"

मी दोन्ही तुकडे त्यांच्या हातावर ठेवले. वाटी एका हातावर, गोळी दुसऱ्या हातावर. त्यांना वाटलं असेल त्याहून ते खूप लहान असावेत, कारण त्या कितीतरी वेळ त्यांच्याकडं नुसत्या बघत राहिल्या.

"एवढाच?"

"एवढाच असतो, काकू."

"आणि एवढ्यानं गाडी जाते?"

"जाते."

"हाच तुटला?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "हाच."

"म्हणजे एकदम तुटला असेल ना गं? त्याला कळलंसुद्धा नसेल. त्यानं वळवायला बघितलं असेल आणि गाडी वळलीच नसेल. असंच ना?"

"असंच, काकू. काही करायला वेळच मिळत नाही. किती चांगला ड्रायव्हर असला तरी."

त्यांनी मान हलवली. त्यांना मीच काहीतरी दिल्यासारखी हलवली. मग पदराच्या टोकात ते दोन्ही तुकडे बांधले. फडक्यात नाही, पदरातच, तेलकट झाले तरी. जाताजाता सरांसमोर थांबल्या. सर भिंतीला टेकून उभे होते, हातांना फोर्कचं काळं लागलेलं, कपाळावर घाम.

"हात धुवून घ्या," काकू म्हणाल्या. त्यांनाच म्हणाल्या. "चहा टाकते."

सरांच्या तोंडून नुसता 'हं' आला. ते हात धुवायला हौदाकडं गेले आणि पाणी वाहत असताना तिथंच वाकून उभे राहिले. मी हत्यारं गोळा करायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

चहा आम्ही तिघांनी ओसरीवर घेतला. काकूंनी सरांना बशी दिली.  मी निघाले तसे सर रस्त्यापर्यंत पोचवायला आले. फाटकाबाहेर पडल्यावर म्हणाले, "तुझे उपकार झाले."

खरं तर तिथंच निरोप घेऊन मी जायला हवं होतं. पण शेडमध्ये सर बोलले तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट फिरत होती. आजवर तिला काही अर्थच नव्हता, म्हणून कुणाला सांगितली नव्हती.

"सर, त्या दिवशी सकाळी महांतेश माझ्याकडं थांबला होता."

सर थांबले.

"गॅरेजवर. चारी चाकांची हवा बघ म्हणाला. हवा भरून निघाला, थोडा पुढं गेला आणि परत गाडी मागं घेतली. म्हणाला, मालनताई, स्टेपनीची राहिली. डिकी उघडून स्वतः स्टेपनी काढली. मी म्हटलं, स्टेपनीला काय होतंय? तर म्हणाला, सावंतवाडीला मित्राकडं चाललोय, येताना अंधार होईल. येताना अडकायला नको."

घराकडून काकूंनी भांडी घासायला घेतल्याचा आवाज येत होता. सर माझ्याकडं बघत होते, पण मला बघत नव्हते.

"येताना म्हणाला?"

"होय, सर. दोनदा."

"स्टेपनी काढली? स्वतः?"

"स्वतः. शर्टाला काळं लागलं, तर हसला."

ज्याला परत यायचंच नव्हतं, त्यानं स्टेपनीत हवा कशाला भरावी? परतीच्या अंधाराचा विचार कशाला करावा? हे मी बोलले नाही. सरांच्या तोंडावरून ते सरकत गेलेलं मला दिसलं. डोळा लागला असेल. जनावर आडवं आलं असेल. काहीही असेल. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या माणसासमोर 'काहीही असेल' असं काहीतरी आलं होतं. त्यांनी फाटकाचा खांब धरला.

"मालन, हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? कारण सगळ्यांना माहीतच होतं, सर."

 मग हळूहळू त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर स्थिर झाली. वर्गात एखाद्यानं बिघडलेलं काम पॉलिश करून दाखवलं की असेच बघायचे.

"आत तू हिच्याशी बोललीस," सर म्हणाले, "तसंच माझ्याशी बोलत नाहीस ना?"

"नाही, सर! आईशपथ!"

"आतसुद्धा तू डोळे खाली घातले नव्हतेस."

मी शपथा घेतल्या. नको त्या सगळ्या घेतल्या. जितकं जीव तोडून सांगत गेले, तितकं ते मान हलवत गेले, समजूतदारपणे, माझ्या पाठीवर हात ठेवल्यासारखं. "बरं, बरं," म्हणाले. "जा आता. गॅरेज उघडं टाकून आलीस."

त्यानंतर सर बाजारच्या दिवशी गॅरेजवर यायला लागले. पिशवीत भाजी असायची, काकूंनी सांगितलेली. टायरवर बसायचे. गिऱ्हाईक असलं तर ते जाईपर्यंत थांबायचे. मग म्हणायचे, "काय म्हणाला होता तो?"

मी सांगायची. हवा, डिकी, स्टेपनी, शर्टाला लागलेलं काळं. त्यांचा चेहरा उजळत जायचा. 'येताना' या शब्दाशी आले की ते डोळे मिटून घ्यायचे.

एकदा कामाच्या गडबडीत मी म्हणून गेले, "म्हणाला, परतताना अंधार होईल."

सरांनी डोळे उघडले. "मागं 'येताना' म्हणाली होतीस."

"तेच ते, सर. येताना, परतताना."

"त्याचा शब्द कोणता?"

"येताना. येताना म्हणाला."

ते उठले. पिशवी घेतली आणि निघून गेले. नंतरचे कितीतरी बाजार आले नाहीत. मला झोप लागेना. महांतेश खरंच 'येताना' म्हणाला होता का, की मीच त्याच्या तोंडी घातलं होतं? हसला होता का? रात्रंदिवस आठवायला लागले तसतसा त्याचा चेहरा माझ्याही डोळ्यांसमोरून पुसट व्हायला लागला. स्टेपनी तेवढी दिसायची. ती त्यानं काढली होती. हे हात त्या स्टेपनीला लागले होते, यात काही खोटं नव्हतं.

मग एका दुपारी सर परत आले. वाळले होते. नेहमीच्या टायरवर बसले. मी चहा सांगितला. त्यांनी पेल्याला हात लावला नाही. माझ्याकडं, अगदी माझ्या डोळ्यांकडं बघत बसून राहिले.

"सांग परत," म्हणाले.